संगणकासह उपस्थित राहावे

परिपत्रक तीनच ओळींचं होतं, पण बिलकीस आतार बाईंनी ते चौथ्यांदा वाचलं. 'संगणक प्राप्त झालेल्या सर्व शाळांच्या मुख्याध्यापकांनी शुक्रवारी सकाळी दहा वाजता भोर येथे होणाऱ्या शिक्षण-तंत्रज्ञान परिषदेस शाळेतील संगणकासह उपस्थित राहावे. गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.'

बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यात निळ्या फुलांच्या आच्छादनाखाली झोपलेल्या संगणकाकडे बघितलं.

जांभळमाळ ही गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाची वाडी. शाळा दोन खोल्यांची, मुलं सव्वीस. बिलकीस बाई तिथं मुख्याध्यापिका होत्या, कारण त्यांच्याशिवाय शाळेत दुसरं कुणी शिकवायलाच नव्हतं. दोन हजार दोनच्या जून महिन्यात एक टेम्पो आला, दोन माणसांनी हा संगणक टेबलावर मांडला, वर आच्छादन घातलं आणि "लाइट आली की इंजिनियर येऊन जोडून देईल" असं सांगून ती गेली. आता दोन हजार चारचा डिसेंबर चालू होता. विजेचे खांब ओढ्यापर्यंत येऊन थांबले होते. बाईंनी विजेसाठी अकरा पत्रं लिहिली होती आणि अकराही पत्रांना 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं होतं.

मुलं मात्र संगणकाला विसरली नव्हती. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घालायची. खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाई दर शनिवारी त्याला ओल्या फडक्यानं पुसायच्या. "बाई, चालू झाल्यावर त्यात काय दिसतं वो?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी यायचा आणि बाई विषय बदलायच्या. कारण त्यांनीही तो कधी चालू झालेला पाहिला नव्हता.

परिपत्रकाची खात्री करावी म्हणून बाई गुंजवण्यापर्यंत चालत गेल्या आणि दुकानातल्या कॉइन बॉक्सवरून परिषदेचे प्रमुख, विस्तार अधिकारी निगडे साहेबांना फोन लावला.

"साहेब, परिपत्रकात संगणकासह या असं लिहिलंय, ते..."

"बाई, तुम्ही प्रत्येक कागदाला फाटे फोडता. जे लिहिलंय ते करायचं. मला आणखी शंभर फोन आहेत."

"म्हणजे लिहिलंय तसंच?"

"अक्षरशः तसंच!" असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

परतीच्या चढावर बाईंच्या मनात दोन गोष्टी एकदम पक्क्या झाल्या. एक, अक्षरशः तसंच करायचं. दोन, भोरला वीज आहे. तिथं हा संगणक एकदा तरी चालू करून बघायचा. मुलांना सांगायला काहीतरी होईल.

शुक्रवारी उजाडताच सगुणाबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर संगणकाचा पडदा ठेवला आणि त्या वाट उतरू लागल्या. बाईंनी संगणकाचा मोठा डबा पोटाशी धरला. कीबोर्ड आणि माऊस त्यांच्या पर्समधून डोकावत होते. मुलं ओढ्यापर्यंत पोचवायला आली. "नीट जाऊन या!" असं ती ओरडली. बाईंना उद्देशून की संगणकाला, ते कळलं नाही.

गुंजवण्याच्या थांब्यावर एसटी आली. कंडक्टरनं सगळा लवाजमा बघून हात आडवा केला.

"बाई, ह्याला तिकीट पडंल."

"का?"

"जागा अडवतंय ना त्ये."

"याचं वय अडीच वर्षं आहे," बाई म्हणाल्या. "पाचच्या आतल्याला तिकीट नसतं. आणि मी मांडीवर घेतेय."

कंडक्टरनं वीस वर्षांत बरेच युक्तिवाद ऐकले होते, पण हा नवीन होता. तो विचार करेपर्यंत सगुणाबाई पडदा आत ठेवून खिचडीसाठी माघारी फिरल्या आणि गाडी सुटली. पडदा कुठं ठेवायचा हा प्रश्न शेजारच्या सीटवरच्या फुलाबाईनं सोडवला. ती भोरला लेकीकडे चालली होती. तिनं आपलं गाठोडं खाली टाकलं आणि पडदा मांडीवर ओढून घेतला.

"कुठल्या कंपनीचा टीव्ही म्हनायचा ह्यो?"

"टीव्ही नाही मावशी, संगणक आहे."

"आसू दे. आमच्यातबी पयला ब्लॅक अँड वाईटच हुता."

मार्गासनीच्या अलीकडे रस्त्यात एक खड्डा होता. ड्रायव्हर तो रोज चुकवायचा, पण त्या दिवशी समोरून बैलगाडी आली. गाडी उचलली गेली, माणसं उचलली गेली, बाईंच्या मांडीवरचा डबाही उचलला गेला. तो परत खाली बसला तेव्हा त्याच्या आतून आवाज आला, 'खडळ्'.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. पुढच्या वळणावर परत 'खडळ्'. त्याच्या पुढच्या वळणावर 'खडळ्-खट्ट'.

"काय तरी सुटलंय आत," फुलाबाई म्हणाली.

"नट आसंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"नट कशाचा? म्येमरी आसंल. म्येमरी सुटली म्हंजी समदं इसरतंय त्ये."

पुण्यात सहा महिने वॉचमनची नोकरी करून आलेला एक गृहस्थ पुढच्या सीटवर बसला होता. तो मागं वळला आणि डॉक्टरांच्या आवाजात म्हणाला, "हार्ड डिस्क म्हणतात तिला. ती हालली की खेळ खलास. सरकारी हाय का खाजगी?"

"सरकारी," बाई म्हणाल्या.

"मग आवघड हाय," असं म्हणून त्यानं तोंड पुढं फिरवलं.

नसरापूरला गाडी बदलताना, कापूरहोळला वळताना, भोरच्या स्टँडवर उतरताना बाई तो डबा नुकत्या जन्मलेल्या पोरासारखा धरून होत्या आणि डबा मात्र पावलापावलाला खडखडत होता. अडीच वर्षं धुळीचा कण बसू दिला नाही आणि शेवटी आपणच मोडला, हा विचार त्यांच्या मनातून जात नव्हता. फुलाबाई पडदा सोडायला तयार नव्हती. "तुमी एकल्या कुठं न्यायच्या? लेक काय पळून जात न्हाई," असं म्हणून ती थेट परिषदेला आली.

परिषद एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. स्टेजवर थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं तशीच होती आणि त्यांच्या खाली 'एकविसाव्या शतकातील शाळा' असा कापडी फलक लावला होता. वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्यांत पुण्याहून आलेले तज्ज्ञ पाहुणे आणि निगडे साहेब बसले होते. खाली एकोणचाळीस मुख्याध्यापक होते. प्रत्येकाच्या हातात एकेक पातळ फाईल होती. संगणक कुणाच्याही हातात नव्हता.

निगडे साहेब स्टेजवरून धावत खाली आले.

"अहो बाई, हे काय? रुखवत मांडायचंय का इथं?"

"परिपत्रकात लिहिलंय साहेब. संगणकासह."

"अहो, 'संगणक अहवालासह' असं होतं ते! टाईप करताना 'अहवाल' राहिला. एवढी साधी गोष्ट कळू नये? बाकीच्या सगळ्यांना कळली!"

"मला नाही कळली. म्हणून तर फोन केला होता."

"ठेवा ते मागं भटारखान्यात. पाहुण्यांच्या नजरेला पडू देऊ नका."

संगणक भटारखान्यात कांद्याच्या पोत्याशेजारी गेला. त्याच्या राखणीला फुलाबाई बसली. बाई शेवटच्या रांगेत बसल्या आणि अहवाल ऐकू लागल्या.

अहवाल फार चांगले होते. अमुक शाळेतली मुलं संगणकावर पाढे म्हणतात, तमुक शाळेतल्या मुली चित्रं काढतात. भोंगवलीकडच्या एका शाळेचे सोपान रणपिसे गुरुजी उठले. पांढरा लेंगा, सदरा, वय सत्तावन्न. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "विद्यार्थी दररोज आळीपाळीनं संगणक हाताळतात. त्यामुळे त्यांच्यात वैज्ञानिक दृष्टिकोन निर्माण झाला आहे." टाळ्या पडल्या. बाईंना वाटलं, सगळ्या दुनियेत वीज पोचली, आपणच तेवढ्या मागं राहिलो.

मग पाहुणे प्रात्यक्षिकाला उठले. त्यांनी लॅपटॉप उघडला. लॅपटॉपनं एकदा 'टुँक' असा आवाज केला आणि काळोखला. भोरमध्ये संगणकाचे क्लास चालवणारा रियाज तांत्रिक मदतीला बोलावला होता. त्यानं पाहुण्यांची बॅग तपासली आणि हळूच म्हणाला, "सर, चार्जर पुण्यालाच राहिलाय."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. रियाज म्हणाला, "माझ्या क्लासमधला आणू का? दहा मिनिटांत येतो."

निगडे साहेबांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. ते माईकपाशी गेले.

"बाहेरून कशाला? आमच्याकडे संगणकांना काय तोटा! खास आजच्या प्रसंगासाठी मी एका दुर्गम शाळेचा संगणक इथं आधीच मागवून ठेवलाय. आतार बाई, घेऊन या!"

बाईंना वाटेतला तो 'खडळ्' आठवला. पण आता मागं जायला वाट नव्हती. भटारखान्यातून मिरवणूक निघाली, पुढं फुलाबाई पडदा घेऊन, मागं बाई डबा घेऊन. डबा स्टेजवर ठेवताना 'खडळ्' झालं. बाईंनी जोरात खोकून तो आवाज झाकला.

रियाजनं आधी पडद्याची वायर लावली आणि बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा लागला आणि काळ्या काचेवर एक निळी चौकट सावकाश तरंगू लागली. बाई नकळत दोन पावलं पुढं आल्या. अडीच वर्षांत पहिल्यांदा तो जागा झाला होता. चौकटीत काहीतरी इंग्रजीत लिहिलं होतं.

"काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

"म्हणतोय, मला जोडलेलंच नाही," रियाज म्हणाला आणि डब्याच्या मागं वाकला. बराच वेळ तो वाकूनच राहिला. मग त्यानं वर बघितलं. "बाई, मागं खाचा आहेत, पण खाचांत काहीच नाही. लावू कुठं?"

त्यानं खिशातून पेचकस काढला, चार स्क्रू फिरवले आणि डब्याची बाजू सरकवली.

आत काही नव्हतं. वायर नव्हती, पट्टी नव्हती, पंखा नव्हता. तळाशी सुतळीनं बांधलेलं वर्तमानपत्राचं एक पुडकं होतं. वाटेत त्याला चिकटवलेली टेप सुटली होती. रियाजनं ते सोडलं आणि आतली वस्तू सगळ्यांना दिसेल अशी उचलून धरली. ती अर्धी वीट होती.

एकोणचाळीस मुख्याध्यापक पाच-सहा सेकंद एकही शब्द बोलले नाहीत. शिक्षकांच्या सभेत हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

बाईंना पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आपण काही मोडलं नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना ते झेंडूचे हार आठवले. सव्वीस मुलांनी अडीच वर्षं एका विटेला हार घातले होते. बाईंचे कान गरम झाले.

निगडे साहेब सावरले. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं, पण माईक चालूच होता.

"बाई, हे वाटेत झालं. प्रवासात नादुरुस्त झाला असं लिहून द्या, मी मिटवतो."

"वाटेत वीट कशी येईल साहेब? एसटीत तिकिटाबरोबर विटा देत नाहीत."

"कुणीतरी आतले भाग काढून घेतले असतील!"

"कुनी काडलं?" फुलाबाई स्टेजवर चढली. "मी शेजारी बसल्ये गुंजवन्यापास्नं हितपत्तुर. बाईंनी त्यो डबा मांडीवरनं हालीवला न्हाई. आन् चोराला भाग न्यायचं आसत्यात, तर त्यो वीट बांदत बसंल व्हय? सुतळीनं?"

रियाजनं तो चुरगळलेला कागद टेबलावर सपाट केला. "साहेब, तारीख बघा. मे दोन हजार दोन. शाळेत पोचायच्या आधीचा महिना."

साहेबांनी ते बघितलं, मग आपल्या फायलींच्या गठ्ठ्यात हात घातला आणि एक कागद बाहेर काढला. आता त्यांचा आवाज शांत होता.

"ठीक आहे. मग हे काय आहे? वाचा मोठ्यानं."

बाईंनी कागद घेतला. ती पोच होती. 'संगणक संच तपासून घेतला. चालू स्थितीत मिळाला.' खाली सही होती. बि. दि. आतार.

"सही कुणाची?"

"माझी."

"तपासला होतात?"

"नाही."

"म्हणजे खोटं लिहून दिलंत. आता ठरवा. प्रवासात नादुरुस्त झाला असं लिहायचं, की खोट्या पोचेबद्दल खात्याच्या चौकशीला उभं राहायचं? नोकरी अजून पुष्कळ शिल्लक आहे तुमची."

बाईंनी पोच पुन्हा एकदा वाचली. त्यांना तो दिवस आठवला. टेम्पो बाहेर हॉर्न वाजवत होता आणि साहेबांचा निरोप आला होता, सही करून टाका, वर पाठवायचंय. त्यांनी आच्छादनही उचललं नव्हतं. लिहिताना हात जरा अडखळला होता, एवढंच. आता मुलांना जाऊन काय सांगायचं? वाटेत मोडला? मुलं विश्वास ठेवतील. सगुणाबाई तर रडतीलसुद्धा.

"रियाज," बाई म्हणाल्या, "एक कोरा कागद दे."

साहेबांनी सुस्कारा सोडला. बाई वधूच्या मखमली खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात वरती लिहिलं, 'पंचनामा'.

"बाई! हे काय?"

"लिहितेय साहेब. अक्षरशः जसं आहे तसं." आणि त्या लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागल्या. "आज रोजी जांभळमाळ शाळेचा संगणक सर्वांसमक्ष उघडला असता, आत एक अर्धी वीट मिळाली. वीट मे दोन हजार दोनच्या वर्तमानपत्रात बांधलेली आहे. सदर संगणक मी, बिलकीस दिलावर आतार, न तपासता तपासला असं लिहून घेतला होता. वरून सही करण्यास सांगण्यात आलं म्हणून मी सही केली. ती माझी चूक आहे. तिची चौकशी व्हावी. विटेचीही व्हावी."

त्यांनी खाली सही केली आणि कागद पुढं केला. "पंच म्हणून कोण सही करतंय?"

फुलाबाईनं लगेच अंगठा पुढं केला. रियाजनं सही केली. पण खाली बसलेल्या एकोणचाळीस मुख्याध्यापकांना एकाएकी आपापल्या चपलांत फार रस वाटू लागला. प्रत्येकाच्या फाईलमध्ये तसलीच एक पोच होती.

"बघा," निगडे साहेब म्हणाले, "कुणी येत नाही. समजूतदार आहेत सगळे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रणपिसे गुरुजी उठले होते. ते सावकाश स्टेजवर आले आणि त्यांनी पेन उघडलं.

"गुरुजी, रिटायर व्हायला वर्ष राहिलंय तुम्हाला," साहेब म्हणाले.

"म्हणून तर घाई आहे," गुरुजी म्हणाले. "साहेब, मी आत्ता वाचलं, विद्यार्थी दररोज संगणक हाताळतात. ते खरं आहे. रोज एक जण फडक्यानं पुसतो. आमच्याकडे वीज आहे, पण इंजिनियर काय आला नाही. आत काय आहे ते देव जाणे म्हणायची मला सवय नाही, म्हणून एवढंच म्हणतो, मला माहीत नाही." त्यांनी सही केली आणि खाली कंसात लिहिलं, 'मीही न तपासता घेतला.'

मग एक बाई उठल्या. मग आंबवड्याकडचे दोघं एकदम उठले. थोड्याच वेळात स्टेजवर अशी रांग लागली की आदल्या दिवशीच्या लग्नात आहेर द्यायलाही लागली नसेल. कागद पुरेना, तेव्हा परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू जोडली. प्रत्येक जण सही करून खाली आला की त्याचा चेहरा पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा दिसत होता.

पुण्याचे पाहुणे इतका वेळ लाल खुर्चीत बसून बघत होते. ते उठले आणि म्हणाले, "बाई, ही वीट आणि पंचनाम्याची प्रत माझ्याकडे द्या. मी वर दाखवतो."

"देते सर. पण पोच लागेल."

"पोच? विटेची?"

"विटेचीच."

पाहुण्यांनी पेन काढलं. पण लिहायच्या आधी त्यांनी वीट हातात घेतली, उलटीपालटी केली, खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितली, टेबलावर ठोकून पाहिली. मग लिहिलं, 'एक अर्धी वीट, वर्तमानपत्र व सुतळीसह, प्रत्यक्ष तपासून घेतली.' सभागृहात त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. निगडे साहेब मात्र आभार मानायला तिथं नव्हते. त्यांची जीप केव्हाच निघून गेली होती.

चारच्या सुमारास बाई बाजारपेठेत मुजफ्फरभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात आल्या. पडदा तेवढा खरा होता, तो परत न्यायचा तर बांधायला दोरी हवी होती. मुलांना काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं होतं. जे झालं तेच सांगायचं, तरंगणाऱ्या निळ्या चौकटीसकट. पुढं खात्याची नोटीस येईल, तीही फळ्याशेजारी लावायची.

"दोरी द्या भाई. आणि एक पेचकसही द्या, चार पाकळ्यांचा."

मुजफ्फरभाईंनी दोरी मापली आणि मान हलवली. "दोरी घ्या. पेचकस एकपण नाही बाई, पार खलास झाले."

"सगळे?"

"अहो, आज भोरला काय झालंय तेच कळंना मला. दुपारपास्नं एकेक मास्तर येतोय, पेचकस मागतोय. न बोलता येतोय, न बोलता जातोय. वर्षभराचा माल एका दुपारात गेला. आणि पहिलं गिऱ्हाईक कोण म्हणाल तर ते तुमचे निगडे साहेब. जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत, खिडकीतूनच हात काढला. दोन घेतले."

"दोन कशाला?"

"तेच विचारलं मी," मुजफ्फरभाई दोरीला गाठ मारत म्हणाले. "तर म्हणाले, एक ऑफिसला. आणि एक घरी. पोराला वाढदिवसाला संगणक घेऊन दिलाय म्हणे, शाळांना ज्यानं पुरवले त्याच माणसाकडनं."